जासई ते पागोटे, लांबच्या वाटेनं

जासईहून पागोट्याला जायचं असेल तर उरण रस्त्यानं दुचाकीला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. दोन्ही गावं उरण तालुक्यातली, दोन्ही 1984 च्या जानेवारीत एकाच लढ्यात होरपळलेली. मी मात्र ऐन मे महिन्यात, एकटाच, जासईहून निघून चिरनेर, पेण, चरी, अलिबाग, रेवस, करंजा असा फेरा घालून पागोट्याला पोहोचायचं ठरवलं. रायगड जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा पट्टा बहुतेकांनी नुसता ओलांडलेला असतो. गोव्याला जाताना पेण मागे पडतं, अलिबागला जाताना पोयनाड मागे पडतं. पण याच पट्ट्यात शेतकरी आपल्या जमिनीसाठी आणि जंगलासाठी पुन्हा पुन्हा उभे राहिले. 1930 साली, 1933 साली, 1984 साली आणि अगदी अलीकडे 2008 साली. ती गावं एका ओळीत घेतली तर काय दिसतं, ते मला पाहायचं होतं.

उन्हाळा मी मुद्दाम निवडला. पावसाळ्यात इथं सगळंच हिरवंगार दिसतं आणि डोळ्यांची फसगत होते. मे महिन्यात जमीन उघडी पडलेली असते. भाताचे वाळलेले धसके कुठं आहेत, खाडीचा बांध कुठं आहे आणि मुरमाचा भराव कुठं पडलाय, हे लपत नाही.

सकाळी सातला जासईत पोहोचलो तेव्हाच घामानं सदरा अंगाला चिकटला होता. गावाच्या डोक्यावरून उड्डाणपूल, शेजारून मालगाड्यांचे रूळ, पलीकडं चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू. 21.8 किलोमीटरचा तो पूल 2024 च्या जानेवारीत खुला झाला आणि शिवडीहून निघालेला माणूस आता इथं चहा गार व्हायच्या आत येतो. बंदराकडं जाणाऱ्या ट्रेलरची रांग मात्र पूर्वीसारखीच आहे. चाळीस-चाळीस फुटी कंटेनर घेऊन ती धिम्या गतीनं सरकते आणि तिच्या धुरातून वाट काढत गावातल्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या असतात.

दिनकर बाळू पाटील, म्हणजे सगळ्या आगरी-कोळी मुलखाचे दि. बा., 13 जानेवारी 1926 ला या जासईत जन्मले. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा शिकून वकील झाला, पनवेलचा आमदार झाला, दोनदा खासदार झाला. पण इथं त्यांचं नाव निघतं ते या पदांसाठी नव्हे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीकाठची मासेमारी गेली. त्या बदल्यात जो भाव देऊ केला होता, त्यात दुसरीकडं तेवढीच जमीन घेणं स्वप्नातही शक्य नव्हतं. दि. बां.नी लोकांना एक साधी गोष्ट सांगितली: जमीन ज्याची, शहरातही त्याचा वाटा हवा.

16 जानेवारी 1984 ला जासईजवळ दास्तान फाट्यावर याच मागणीसाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नामदेव शंकर घरत आणि रघुनाथ अर्जुन ठाकूर पडले. दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पुन्हा गोळीबार झाला. त्यात पागोट्याचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमळाकर कृष्णा तांडेल गेले. पाच माणसं. शेतकऱ्याला विकसित जमिनीतले साडेबारा टक्के परत द्यायचे, हे धोरण या रक्तातून आलं आणि पुढं ते भूसंपादनाच्या चर्चेत महाराष्ट्रभर पोहोचलं.

टपरीवर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकांशी बोलणं निघालं. त्यांनी हात लांब करून कंटेनर यार्डाची पत्र्याची भिंत दाखवली. "त्या तिकडं आमचं शेत व्हतं. खारीतला भात, राता. मीठ पन व्हतं." मी विचारलं, तुम्ही होता त्या दिवशी? ते म्हणाले, "सगलं गाव व्हतं. बायका म्होरं व्हत्या." एवढंच बोलले आणि मग माझ्या दुचाकीच्या पाठीमागं बांधलेली बाटली पाहून म्हणाले, "दादूस, उनाचा जातस. आधी पानी पी, मंग जा." तांब्या त्यांनी स्वतः भरून आणला.

जासईहून चिर्ले, दिघोडे करत चिरनेरचा रस्ता धरला. हा रस्ता पूर्वी सावलीचा होता असं सगळे सांगतात. आता दोन्ही अंगांना कंटेनर यार्ड, मध्ये खड्डे आणि झाडांच्या पानांवर इतकी धूळ की पान कुठल्या झाडाचं ते ओळखू येत नाही. दिघोड्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला रानसई धरण आहे. उरणला पाणी पाजणारं हे जुनं धरण मे महिन्यात तळ दाखवू लागतं, आणि पाणीकपातीची बातमी दर उन्हाळ्यात ठरलेली असते. बंदर, तेल, वायू, गोदामं सगळं उरणमध्ये आहे. तालुक्याच्या माणसाला मात्र मे महिन्यात हंडे मोजावे लागतात. हे मला मान्य होत नाही आणि होऊही नये.

चिरनेर जवळ आलं तसं रान सुरू झालं. शेताच्या कोपऱ्यांत काळे चौकोन दिसत होते. ते राब भाजलेले. झाडाच्या फांद्या, पाला, शेण, गवत असे थर रचून, वर माती पसरून जाळायचं आणि पहिल्या पावसात त्याच जागी भाताचं बी टाकायचं, ही कोकणातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती पाहिली की 25 सप्टेंबर 1930 चा जंगल सत्याग्रह एका क्षणात कळतो. इंग्रजांच्या जंगल कायद्यानं रानात कोयता चालवायला बंदी आली, म्हणजे राब बंद. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही. मुंबईत मिठाच्या कायद्याविरुद्ध सभा भरत होत्या, त्या वर्षी इथले शेतकरी कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर चढले. गोळीबार झाला, आठ जण हुतात्मा झाले. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मारले गेले.

स्मारकावरची नावं मी सावकाश वाचली. नवशा महादेव कातकरी, चिरनेर. रामा बामा कोळी, मोठी जुई. रघुनाथ मोरेश्वर न्हावी, कोप्रोली. आलू बेमट्या म्हात्रे, दिघोडे. रानातला कातकरी, खाडीवरचा कोळी, गावचा न्हावी आणि आगरी शेतकरी असे सगळे एका रांगेत. आपल्या शाळेच्या पुस्तकांत स्वातंत्र्यलढा म्हटला की वकील आणि संपादक येतात. त्यांच्याविषयी मला आदर आहेच. पण आलू बेमट्या म्हात्रे हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलं पाहिजे, असं तिथं उभं राहून फार वाटलं.

गावाबाहेर आंब्याच्या सावलीत एक कातकरी बाई करवंदं घेऊन बसली होती. पळसाच्या पानाचा द्रोण तिनं दोन बोटांत धरून फिरवला, काडी टोचली, वर मूठभर काळी करवंदं टाकली. बारकी करवंदं ती बाजूला काढत होती. विचारलं तर म्हणाली, ती आंबट, ती पोरांना. गिऱ्हाइकाला पिकलेलीच द्यायची. सकाळी अंधारात निघून दोन डोंगर फिरून ती हे वेचून आणते. हातांच्या मागच्या बाजूला काट्यांचे ओरखडे होते, काही ताजे, काही सुकलेले. मी दोन द्रोण घेतले आणि तिथंच बसून खाल्ले. करवंदांचा चीक ओठांना लागला की पाण्यानं जात नाही, हे लहानपणानंतर पुन्हा अनुभवलं.

साईवरून खारपाड्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. या महामार्गाच्या कामाविषयी कोकणातला प्रत्येक माणूस इतकी वर्षं बोलतोय की मी नव्यानं बोलायचं काही उरलेलं नाही. पातळगंगेचा पूल ओलांडला आणि हमरापुराकडं वळलो. भर दुपारी बारा वाजता हमरापूर आणि जोहे या गावांत घराघरांतून, मांडवांतून, ओसऱ्यांवरून गणपती बसलेले. अजून रंग न लागलेले, पांढरे, करडे, सोंड ओली. ऊन हाच इथला कच्चा माल आहे. पावसाळा लागायच्या आत मूर्ती वाळल्या पाहिजेत, परदेशी जाणाऱ्या तर त्याच्याही आधी डब्यात बंद होऊन बंदरावर गेल्या पाहिजेत. एका कारखान्यात एक मुलगी शाडूच्या छोट्या मूर्तीची बोटं लाकडी कोरणीनं सुटी करत होती. माझ्याकडं तिनं एकदाही वर पाहिलं नाही, आणि मीही तिला काही विचारलं नाही.

पेणमध्ये पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली, उसाचा रस प्यायलो आणि बाहेर पडलो. पण पेणचा खारेपाट सोडून पुढं जाता येत नाही. वडखळच्या आसपासची ही सगळी जमीन खाडीला बांध घालून माणसांनी हातानं मिळवलेली आहे. बांध मातीचे, त्यात पाणी सोडायच्या-अडवायच्या उघाड्या. भरतीला बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढं दोन-तीन वर्षं दाणा होत नाही. म्हणून इथला शेतकरी उधाणाच्या रात्री बांधावर जागा असतो. अशा जमिनीवर महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, आणायचं ठरलं, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी नकार दिला. शेतकऱ्यांचे नेते एन. डी. पाटील या लढ्यात आघाडीवर होते. अखेर 21 सप्टेंबर 2008 ला सरकारनं गावोगाव शेतकऱ्यांचं मत घेतलं. जमीन घ्यायची की नाही, हे जमीनमालकाला रांगेत उभं करून विचारलं गेलं, ही आपल्या देशात अपूर्व गोष्ट होती. तो सेझ झाला नाही. मी बांधावर दुचाकी उभी केली तेव्हा खाली वाळलेल्या शेतात बगळे फिरत होते, आणि जिताडा माशाच्या तळ्यात थोडं पाणी शिल्लक होतं.

पोयनाडच्या अलीकडं-पलीकडं वाट विचारत चरीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरत आलं होतं. गावात एका घरी हळद होती. मांडव सजलेला, बेंजोवाले तारा जुळवत बसलेले, आणि आत कुठंतरी लग्नाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणीचा बारीक, न तुटणारा आवाज. आगऱ्यांची पुष्कळशी लग्नं मे महिन्यात. घाम, गुलाल आणि हळद एकत्र झालेली असते.

चरी हे नाव ज्याला ठाऊक नाही त्याला महाराष्ट्राचा कूळकायदा कळलेला नाही, असं मी ठामपणे म्हणतो. 27 ऑक्टोबर 1933 ला इथं शेतकऱ्यांची सभा झाली आणि संप पुकारला गेला. गिरणीतला कामगार संप करतो हे माहीत होतं. शेतकऱ्यानं संप करायचा म्हणजे पेरायचंच नाही. खोतीची पद्धत अशी होती की कूळ राबणार आणि पिकाचा मोठा हिस्सा खोत नेणार. वर वेठबिगार. कुळानं स्वतः लावलेल्या झाडाचं फळही त्याचं नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या 25 गावांनी जमीन पडीक टाकली. एक हंगाम नव्हे, सहा वर्षं. 1939 पर्यंत.

सहा वर्षं या माणसांनी काय खाल्लं असेल? डोंगरातून मोळ्या आणून विकल्या, खाडीत मासे-खेकडे धरले, मिळेल तिथं मजुरी केली. भातशेतीच्या मुलखात भात मागून आणावा लागला. 16 डिसेंबर 1934 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले, शेतकऱ्यांच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. आणि 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू केलं. महाडचं चवदार तळं आपण सगळे जाणतो, जाणलंच पाहिजे. त्याच जिल्ह्यात बाबासाहेब आणि कोकणातला शेतकरी एका मांडवात बसले ते चरी हे गाव मात्र अलिबागच्या वाटेवर असूनही पर्यटकाच्या नकाशात नाही.

स्मारकापाशी दोन मुलं क्रिकेट खेळत होती. मी विचारलं, हे कशाचं स्मारक? मोठा मुलगा बॅट काखेत धरून म्हणाला, "संपाचं. आमच्या पणज्यानं शेत लावलं नव्हतं." शाळेत शिकवलं का म्हटल्यावर तो म्हणाला, नाही, आजीनं सांगितलं. मला त्याचं उत्तर फार मोलाचं वाटलं.

अलिबागला मुक्काम केला. किनारा पाहिला, त्याविषयी लिहायला इतर पुष्कळ आहेत. सकाळी अलिबागजवळच्या खंडाळे गावाकडं जाऊन पांढरा कांदा घेतला. भात निघाला की त्याच ओलाव्यावर हा कांदा लावतात, आणि उन्हाळ्यात त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. 2021 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एका ओसरीवर सासू-सुना माळा गुंफत बसल्या होत्या. वाळलेली पात तीन पदरी घ्यायची, एक कांदा आत, एक बाहेर, आणि दर पेडाला पातीचा पीळ घट्ट ओढायचा. सैल राहिली तर माळ खांद्यावर घेतली की कांदे निसटतात. सासूबाईंनी सुनेनं विणलेली माळ उचलून एकदा झटकली, एकही कांदा हलला नाही, तेव्हा ती ढिगावर ठेवली. कापून चाखायला दिलेली फोड खरोखर गोड होती. डोळ्यांत पाणी आलं नाही.

रेवसला लाँच लागलेली होती. दुचाकी लाँचमध्ये चढवणं हा पाहण्यासारखा प्रकार असतो. ओहोटीमुळं लाँच धक्क्याच्या बरीच खाली, मध्ये एक फळी. दोन खलाशांनी एकानं हँडल, एकानं मागचं कॅरिअर धरून, एकमेकांना शब्दही न बोलता ती खाली उतरवली आणि दोरीनं कठड्याला आवळली. धरमतरच्या खाडीत वारा सुटला आणि एवढ्या प्रवासात पहिल्यांदा अंग गार झालं. खाडीत रेवस-करंजा पुलाचं काम दिसतं. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना रेवस ते रेडी या सागरी मार्गाची कल्पना पुढं आली होती, त्याला चार दशकं उलटून गेली. पूल झाला की अलिबाग आणि उरण जवळ येतील आणि ते व्हायलाच हवं. लाँच मात्र बंद होईल. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी त्याआधी एकदा या लाँचमधून खाडी ओलांडावी.

करंज्याला उतरल्यावर सगळीकडं सुक्या मासळीचा वास. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून बायकांची घाई चाललेली. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले, जमिनीवर जवळा पसरलेला, आणि आभाळाकडं सारखं लक्ष. एका अवकाळी सरीनं सगळ्या हंगामाची कमाई कुजून जाते. आगोटीची बेगमी हा इथला जगण्याचा हिशेब आहे: पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढं सुकट, मीठ, तांदूळ, लाकडं घरात भरली की घर सुरक्षित. मी वाकट्या आणि सोडे घेतले.

उरण शहरात थांबलो नाही. हनुमान कोळीवाड्याविषयी मात्र सांगायलाच हवं. शेवा बंदरासाठी कोळ्यांचं गाव उठवलं आणि नवी वस्ती दिली. त्या वस्तीला वाळवी लागली. घरं, चौकटी, छपरं वाळवीनं पोखरली आणि माणसं पुनर्वसनाचं पुन्हा पुनर्वसन मागत राहिली. 1989 पासून चालणारं ते बंदर देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. ज्यांच्या किनाऱ्यावर ते उभं राहिलं त्यांना वाळवी न लागणारं घर इतकी वर्षं देता येऊ नये, याचा संताप येतो.

दुपारी पागोट्याला पोहोचलो. छोटं गाव, भोवती रस्ते, पूल, यार्ड. 17 जानेवारीला इथं दरवर्षी तिन्ही हुतात्म्यांना अभिवादन होतं. त्याच पागोट्यापासून चौकपर्यंत 29 किलोमीटरच्या सहापदरी महामार्गाला केंद्रानं 2025 च्या मार्चमध्ये मंजुरी दिली. म्हणजे मोजणीचे लोक पुन्हा याच शिवारांत येणार. मला रस्ते नकोत असं मी म्हणत नाही. मी त्यांच्यावरूनच फिरलो. पण 1930 पासून या पट्ट्यातल्या माणसांनी प्रत्येक वेळी एकच मागितलं आहे: आम्हाला आधी विचारा, आणि आमचा वाटा द्या. पेणच्या 22 गावांना एकदा तसं विचारलं गेलं होतं. ते पागोट्यालाही विचारता येईल. 2021 च्या जूनमध्ये दि. बां.चं नाव नवी मुंबई विमानतळाला द्यावं म्हणून याच गावांतली माणसं हातात हात धरून रस्त्यावर उभी राहिली होती. नाव तर हवंच. पण त्या नावामागची मागणीही त्याच्याबरोबर आली पाहिजे.

तुम्ही या सुट्टीत अलिबागला किंवा गोव्याला निघाला असाल तर एवढं करा. जासई, चिरनेर, चरी आणि पागोटे ही चारही गावं वाटेवर किंवा वाटेपासून थोडीच आत आहेत. गाडी थांबवा, मुलांना खाली उतरवा आणि स्मारकांवरची नावं त्यांना मोठ्यानं वाचायला लावा. शक्य असेल तर तारखा धरून या: 16 जानेवारी जासई, 17 जानेवारी पागोटे, 25 सप्टेंबर चिरनेर, 27 ऑक्टोबर चरी. मे महिन्यात आलात तर पाणी जास्त घ्या, आणि करवंदं घेताना भाव करू नका.